डाव्या पायाचं माप

अगं ये, इकडे जवळ सरक. कागदावर बोलतेय म्हणून लांबून ऐकायचं असं काही नाही. आणि आधी बोलणी खा. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची लेक तू, राहतेस चामटोलीत, आणि मी बदलापूर गावात. मी मेथी निवडायला बसले तर जुडी संपायच्या आत तू दारात येशील, एवढंच अंतर. पण नाही. बाईसाहेब फोन करणार, आणि फोनवर एकच विचारणार, "मावशी, पोरगी पहिल्यासारखी खेळेल ना गं?"

तू एकटीच नाहीस म्हणा. वाणी विचारतो, खालची शेजारीण विचारते, विहारात वंदनेला गेलं तर चार बायका चपला घालता घालता विचारतात. सगळ्यांना मी म्हणते, "खेळेल, खेळेल, का नाही खेळणार." तुला खरं सांगते. मला माहीत नाही. आणि या सगळ्यात मीच एक घोळ घालून ठेवला होता, तो तिच्या व्यायामाच्या बाई सोडल्या तर आजवर मी बाहेर कुणाला बोलले नाही.

तुला ठाऊक असलेलंही जरा परत सांगते, नाहीतर माझा धागा तुटतो.

नात आता एकवीस वर्षांची. उंची सहा फूट एक इंच. आपल्यात एवढं उंच कुणी नाही, तिच्या आईच्या माहेरीही नाही. आठवीत होती तेव्हाच स्टूल न घेता माळ्यावरचे डबे काढायची. रस्त्यात पोरं ओरडायची, "ए, वर पाऊस पडतोय का?" ही कसली ऐकून घेते! "पडतोय, तुझ्यापर्यंत यायला वेळ लागेल," म्हणायची. मग अंबरनाथला ग्राउंडवर बास्केटबॉल शिकवणाऱ्या सरांनी तिला रिक्षा स्टँडवर उभी पाहिली. त्यांनी नाव नाही विचारलं, गाव नाही. "खेळतेस का?" म्हणाले. ही म्हणाली, नाही. "उद्यापासून खेळशील."

त्यांनी तिला सेंटर केलं. मला आधी वाटलं, सेंटर म्हणजे मध्ये उभं राहायचं. तसं नसतं. रिंगच्या खाली, जिथं सगळ्यात जास्त धक्काबुक्की, तिथं पाय रोवून उभी राहते ती सेंटर. चेंडू रिंगवर आपटून उडाला की बाकीच्या पोरींचे हात वर जायचे, आणि ही त्या सगळ्या हातांच्याही वरून तो अलगद काढून घ्यायची. सर एकदा मला म्हणाले, "आजी, ही आहे म्हणून बाकीच्या चौघी निर्धास्त खेळतात." राज्याला खेळून आली. अशीच आणखी एक वर्ष खेळली तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी पक्की, असं सर म्हणायचे. तिच्या आईबापाने तर त्या नोकरीची स्वप्नंही वाटून घेतली होती.

मग तो सामना. मी तिथंच होते. ती उडाली, खाली येताना डावा पाय दुसरीच्या बुटावर पडला. आवाज ऐकला मी. जीन्सचे चार थर एकदम सुईखाली आले की सुई मोडते ना, तसा. तीस वर्षं सिंधी वस्तीतल्या कॅम्प नंबर तीनच्या कारखान्यात जीन्स शिवल्या मी, तो आवाज मला झोपेतसुद्धा कळेल. काहीतरी मोडलं, हे तिच्या ओरडण्याच्या आधी मला कळलं.

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. डॉक्टरांनी तिच्याच मांडीच्या मागची एक दोरी काढली आणि गुडघ्यात ओवली. ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं हे आपल्याच धंद्यातलं आहे, एकीकडचं कापड काढून दुसरीकडे जोड. पण कापडाला भीती नसते, आणि कापड रोडावतही नाही. तिचा डावा पाय वाळला. अडीच-तीन महिन्यांत मांडीचं मांस असं उतरलं की बघवेना.

कॅम्प तीनमध्येच एक सिंधी बाई आहेत, फिजिओथेरपिस्ट. त्यांच्याकडे व्यायामाला जायचं. त्या दर वेळी टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजायच्या. पहिल्यांदा मोजलं तेव्हा पावणेदोन इंचांचा फरक. त्यांनी नियमच घालून दिला, "आधे इंच से ज़्यादा फ़रक है, तब तक जंप नहीं. समझी? कोई कुछ भी बोले." मला हे पटलं. माप म्हटलं की मला पटतंच.

आता माझा घोळ ऐक.

तुला माहितीये, तिच्या पँटी मीच शिवते. बाजारातली कुठलीच तिला पायात पुरत नाही, घोट्याच्या वर राहते. तर ऑपरेशननंतर पहिल्यांदा तिने माझी शिवलेली पँट घातली आणि आरशापुढे उभी राहिली. उजवा पाय नीट. डावा पाय नुसता लोंबत होता, काठीवर वाळत घातल्यासारखा. ती बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, हा पाय माझा नाहीच."

रडली असती तर मी समजूत काढली असती. ती रडली नाही. पँट काढून खुर्चीवर टाकली आणि परकर-ओढणी काहीतरी गुंडाळून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

माझे हात स्वस्थ बसेनात. दुसऱ्या दिवशी ती सलवार घालून व्यायामाला गेल्यावर मी तिच्या चारही पँटी काढल्या, डावा पाय उसवला आणि मांडीपासून गुडघ्यापर्यंत पावणेदोन इंच आत घेतला. वरून इस्त्री मारली. आमच्या कारखान्यातले कटिंग मास्टर म्हणायचे, "खोट अंगात असू दे, कपड्यात दिसता कामा नये." कुणाचा एक खांदा उतरलेला असतो, कुणाचं पोट पुढे. टेलरने ते झाकायचं असतं. मला वाटलं, मी तेच केलं. फिटिंग केलं.

तिने पँट घातली. दोन्ही पाय सारखे. आरशात वळून वळून बघितलं. त्या दिवशी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मला काय आनंद झाला गं! वाटलं, काय बिघडलं एवढ्याशा शिलाईने.

मग ती व्यायाम करू लागली मन लावून. भिंतीला पाठ टेकून बसायचं, पायरीवरून एका पायाने खाली उतरायचं, असलं काय काय. पाय हळूहळू भरायला लागला. आणि एके दिवशी पँट चढवता चढवता ओरडली, "आजी! बघ ना! डावीकडे घट्ट होतेय! उजव्यापेक्षा जास्त भरला हा!"

मी सुईत दोरा ओवत होते. माझा हात तिथंच थांबला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "हो का? बघू बघू." आणि बघितलं. आणि हसले. तुझी मावशी हसली.

त्यानंतर ती फिजिओबाईंकडे जायची थांबली. घरी म्हणायची, "आता महिन्यातून एकदाच बोलावलंय." खरं तर बाईंनी दोनदा "अभी नहीं" म्हटलं होतं आणि हिला ते ऐकायचं नव्हतं. टेप काय सांगते याची तिला गरजच उरली नाही, रोज पँट सांगत होती ना. ऑपरेशनच्या सातव्या महिन्यात राज्याच्या निवडीची तारीख लागली. सरांनी विचारलं, "फिट आहेस?" ही म्हणाली, "फुल फिट, सर."

सरावाला मी गेले अंबरनाथला. कट्ट्यावर बसले. पोरगी रिंगखाली उभी राहिली तेव्हा छाती भरून आली माझी. पण चेंडू उडाला, ही उडाली, आणि खाली आली ती उजव्या पायावर. परत उडाली. परत उजवा. जन्मभर पायाने मशीन चालवलेली बाई मी, कुठल्या पायावर भार आहे ते मला लांबून दिसतं. डावा नुसता टेकवत होती, पाहुण्यासारखा. एक बुटकी पोरगी अंगावर आली तर ही बाजूला झाली. ही! जिच्या अंगावर आपटून पोरी मागे पडायच्या.

सर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "आजी, पहिल्यासारखी वाटत नाही. मनात भीती आहे बहुतेक. मैदानात उतरली की जाईल."

भीती कसली, सर. मांस नाही तिथं. पण माझ्या तोंडून ते निघेना. घरी येईपर्यंत डोक्यात एकच. परत पाय मोडला तर? या वेळी कोणाच्या बुटावर नाही, माझ्या शिलाईवर पडून मोडणार होता तो.

सकाळी तिचे आईबाप कामाला गेले. ती चहा पीत होती. मी तिची पँट आणली आणि उलटी करून तिच्या मांडीवर ठेवली. आतली शिलाई दिसते ना उलट्या कपड्यात. उजवीकडे बोटाएवढी, आणि डावीकडे एवढं मोठं कापड दुमडून आत दाबलेलं.

तिला एक मिनिट कळलंच नाही. मग बोट फिरवलं त्या दुमडीवरून.

"हे कधी केलंस?"

"तू आरशासमोर उभी होतीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"चारही?"

"चारही."

"म्हणजे पाय भरलाच नाही?"

"भरलाय गं. थोडा भरलाय. मी नुसतं फिटिंग केलं होतं."

"फिटिंग!" असं म्हणाली की काय सांगू. "सगळं गाव खोटं बोलतं आजी, पहिल्यासारखी खेळशील, पहिल्यासारखी खेळशील. मी ऐकून सोडून देते. तुझी पँट मी खरी मानली."

कपाटातून टेप काढून तिनेच माझ्या हातात दिली. "मोज."

आम्हा टेलर लोकांची एक खोड असते. माप घेताना टेपच्या आत एक बोट ठेवायचं, म्हणजे कपडा जरा सैल बसतो. माझं बोट आपसूक आत गेलं. डाव्या पायाला अर्धा इंच तिथंच मिळाला असता, आणि तिला कळलंही नसतं. बोट काढलं मी. टेप कातडीला लावली. उजवा मोजला, डावा मोजला. सव्वा इंचाचा फरक.

तिने आकडा स्वतः वाचला. चहा तसाच राहिला.

त्याच दिवशी तिच्याबरोबर कॅम्प तीनला गेले. शेअर रिक्षात ती पुढे ड्रायव्हरशेजारी, मी मागे, दोघींचं तोंड दोन दिशांना. फिजिओबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी मला फैलावर घेतलं.

"अम्मां, आप डॉक्टर हो या टेलर?"

"टेलर."

"तो कपड़ा काटो ना, रिपोर्ट क्यों काटते हो?"

मग हिच्याकडे वळल्या, "और तू! छह फुट की हो गई, अक्कल इतनीसी?" नातीने मान खाली घालून ऐकलं. शेवटी उठताना विचारलं, "मॅडम, पहले जैसी हो पाऊंगी?" बाई टेप गुंडाळत होत्या. ती खणात ठेवून म्हणाल्या, "घुटना मैं ठीक करूंगी. पहले जैसा का वादा मैं किसी को नहीं करती, बेटा. मेहनत कर, फिर देखेंगे."

निवडीला ती गेली नाही. सरांना स्वतः फोन करून सांगितलं. त्यांनी तिच्या जागी दुसरी उभी केली, हिच्यापेक्षा चार बोटं बुटकी. तिची निवड झाली. त्या पोरीचा पेढा आमच्या घरी आला, आणि हिने तो खाल्ला. अर्धा माझ्यापुढे ठेवला, पण बोलली नाही. आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. नवव्या दिवशी भिंतीला टेकून बसली होती, पाय थरथरत होते, तेव्हा म्हणाली, "मोज की. आकडे मोज. साठपर्यंत." मी मोजायला लागले. तेव्हापासून रोज मी मोजते. पँटी मात्र चारही मी पुन्हा उसवल्या. आता डावा पाय लोंबतो, आणि ती तशीच घालून बाहेर जाते.

मागच्या वेळी फरक पाऊण इंचाच्या किंचित वर होता. येत्या शुक्रवारी पुन्हा माप आहे. अर्ध्यावर आला तर रविवारी अंबरनाथच्या ग्राउंडवर सरावाच्या सामन्यात दहा मिनिटं उतरवायचं, असं बाईंनी आणि सरांनी ठरवलंय. नाही आला तर पुढचं कुणी बोलत नाही. तिची वयाची वर्षं काय थांबून राहणार आहेत? खालून नव्या पोरी येतातच. ती मला घरी मापाला हात लावू देत नाही. "तू नको मोजू, तुझा हात मायाळू आहे," म्हणते. हे हसून म्हणते की रागाने, ते अजून मला कळलेलं नाही. मला काय, ती पायरी उतरली तरी मी तिच्या डाव्या पायाकडे बघते. भांडी घासताना बघते. ती ओरडते, "आजी, बघू नको गं!" मग मी चोरून बघते.

शुक्रवारी ती पाचच्या सुमाराला बाईंकडून परत येईल. घरात मी एकटी असेन. ती दारात चपला काढेल, तेवढ्यात तिच्या तोंडावरून मला कळेल काय ते, आणि मला भीती वाटते, मी माझ्या सवयीने पुन्हा काहीतरी गोड बोलून बसेन. तेव्हा तू ये. फोन नको. शुक्रवारी दुपारी जेवायलाच ये, रविवारपर्यंत राहा. आकडा काहीही असो, तो ती स्वतः सांगेपर्यंत तू मला बोलू द्यायचं नाहीस. एवढ्यासाठी तरी ये गं, आणि लवकर ये.