चारशे चौकोनांतली आई

नव्वदच्या दशकात बाबांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून टोकियोला आलो आणि आईची नोकरी सुटली. पुण्यात ती शाळेत मराठी शिकवायची. इथे तिच्याकडे एकच विद्यार्थिनी उरली, ती म्हणजे मी. चाळीस जणांना पुरणारी शिस्त एकटीच्या वाट्याला आली की काय होतं, ते मला विचारा.

मी आले तेव्हा दुसरीत होते, त्यामुळे जपानी मला लवकर आलं. आईचं भाजीच्या दुकानापुरतंच राहिलं. आठवीत आम्हाला भाषेच्या तासाला निबंध आला, 'माझी आई'. जपानी शाळेत निबंध चौकोनांच्या कागदावर लिहितात. एका पानावर चारशे चौकोन आणि एका चौकोनात एकच अक्षर. मला ते चौकोन बघूनच कंटाळा आला. आई मात्र खूश झाली.

"सोपा विषय आहे. मी सांगते, तू लिही," म्हणत ती स्वतःचीच आरती ओवाळायला बसली. आधी नमनालाच घडाभर तेल. मग आई पहाटे चारला उठते, अंगणात सडा घालते, कितीही दमली तरी हसतमुख असते. शेवटी एक सुभाषित.

"सहाव्या मजल्यावर कुठलं आलंय अंगण?" मी विचारलं.

"निबंधात असतं," आई म्हणाली.

खरी आई सातला उठायची, तीही बाबांनी चहा केल्यावर. पण मी मुकाट्याने सगळं जपानीत उतरवून दिलं.

आमचे सेन्सेई, म्हणजे भाषेचे सर, वयस्कर आणि मितभाषी होते. निबंध परत आला तेव्हा 'पहाटे चार'च्या शेजारी त्यांनी लाल शाईत एवढंच लिहिलं होतं, 'हे तू स्वतः पाहिलंस का?' त्यांच्या तासाला मोठमोठ्या शब्दांना काही किंमत नव्हती, आपण पाहिलेलं लिहायचं. आणि पुढच्या शनिवारी पालक वर्गात मागे उभे राहून तास बघणार होते. प्रत्येकाने आपला निबंध त्यांच्यासमोर वाचायचा होता.

खोटं वाचलं तर सेन्सेईंना कळणार आणि खरं वाचलं तर आई दुखावणार. दोन दिवस मी घरात तिला टाळत होते. तिसऱ्या दिवशी, तिला न सांगता, नवा निबंध लिहिला.

शनिवारी आई रेशमी साडी नेसून आली. मी मागे न बघता वाचलं. वर्ग दोनदा हसला आणि दोन्ही वेळा सगळ्यांच्या मागून, जरा उशिराने, आईही हसली.

घरी जाताना कालव्याच्या कठड्यापाशी ती थांबली. "आपला निबंध एवढा हसण्यासारखा नव्हता," ती म्हणाली. "काय वाचलंस, खरं सांग."

मी कागद काढला आणि मराठीत सांगत गेले. 'माझी आई सातला उठते. तिला जपानी वाचता येत नाही, तरी ती माझ्या वह्या तपासते आणि वाकड्या अक्षराला लाल गोल करते. दुपारी चारला मी घरी येते तेव्हा ती दार उघडून उभी असते, हातात लाल पेन घेऊन. पुण्यात तिचा मोठा वर्ग होता. आता तिच्या वर्गात मी एकटीच आहे, म्हणून मी शाळेतून थेट घरी जाते.'

मला वाटलं, संपलं सगळं. मग तिने पर्स उघडून पेन काढलं. लालच.

"चूक आहे," ती म्हणाली. "चार कुठे लिहिलंय, दाखव."

मी बोट ठेवलं. तिने तो चौकोन खोडला आणि शेजारी आपल्या पद्धतीने लिहिलं, ३॥.

"मी साडेतीनपासून उभी असते," ती म्हणाली.