वयनीचा शालू अन् समुद्रातले आरसे

माह्या लग्नाच्या शालूले पाडलेलं भोक अजून कोणी रफू करून देल्लं नाही, हे पयले लिहून घ्या. मंग नमस्कार.

मनोहर भाऊजी माहे धाकले दीर. मी इंझोरीत नवी नवरी म्हणून आली, त्याच आठवड्यात आमची वळख झाली. मामंजींचा दाढीचा खोलगट आरसा त्यायनं उन्हात धरला अन् तारेवरच्या शालूवर ठिपका पाडला. धूर निघाला.

"वयनी, पाहा, उन्ह एका जागी आलं!"

"आलं न, माह्याच शालूवर आलं!"

आता भाऊजींच्या साठीचा सत्कार हाय, पण नोकरीभर तोच उद्योग त्यायनं समुद्रात केला. तिथं तेल काढाले लोखंडी मचाण असते. आपल्या वावरातल्यासारखंच, फक्त गावाएवढं. त्याच्यावरची यंत्रं डिझेल पितेत. भाऊजींनी तिथं वाकडे आरसे बसवले, उन्ह एका नळीवर आणलं, त्या आचेवर वाफ करून थोडी वीज काढली. थोडीच. सारी काढली म्हणून फुशारकी त्यायनं कधी मारली नाही, हा गुण कबूल.

पण खाऱ्या वाऱ्यानं आरसे आंधळे झाले. साहेबलोक थकले, तवा फोन मले.

"वयनी, तुमचं माहेर खारपाणपट्ट्यातलं. भांड्यावरचे पांढरे डाग कसे काढता?"

"काढत नाही, पडूच देत नाही. ओलं हाय तवरच गोड्या पाण्यानं धुवाचं अन् पुसाचं."

तवापासून तिथं उन्ह चढाच्या आत आरसे धुतात. भाऊजींनी आपल्या शोधाच्या मोठ्या छापील कागदात माहं नाव 'सहकारी' म्हणून टाकलं. चौथी शिकलेली बाई अन् सहकारी! कोण टाकते?

नात म्हणते, "आजी, गौरवलेखात चांगलं लिहाचं असते." चांगलंच लिहून राह्यली. पण त्या चकाकीनं भाऊजींचे डोये जाऊन राह्यले. डॉक्टरनं बजावलं, आरशापुढं उभं राहू नका. काळा चष्मा देल्ला, तो कपाटात. नोकरी संपली, तरी मचाणावर जाचं म्हणतात. भाऊजींच्या बायकोनं, माह्या जाऊबाई सुशीलानं, तीनदा इचारलं, "परत जाता काय?" तीनदा एकच, "पाहू."

पाहू? डोये राहिले तर पाहाल न!

भाऊजी, शंभर वर्षं जगा, अन् राहिलेली चाळीस धडक्या डोयांनी पाहा. कार्यक्रमाच्या पत्रिकेत शेवटी 'सत्काराला उत्तर' छापलं हाय. ते तुमी द्याचं नाही. तुमी 'पाहू' म्हणसान अन् लोक टाळ्या पिटतीन. काळा चष्मा लावून खाली बसा. उत्तर सुशीला देईन.