सिंगापूरहून कोलंबोला

माझा मोठा भाऊ मालवाहू जहाजावर वायरलेस ऑपरेटर होता. सिंगापूरला असताना त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. त्याला दवाखान्यात ठेवून जहाज पुढं निघून गेलं. मग त्याची तार आली: तब्येत ठीक, मंगळवारी विमानानं कोलंबोला जाऊन जहाज गाठतो.

तेव्हा भिलाईत पोलाद कारखान्याचं काम जोरात चाललं होतं. बाबा तिथं कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, फिटर होते, मी नुकतीच प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले होते. मी तार वाचून दाखवली तशी माय म्हणाली, "हे कोलंबो किती दूर हाय?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेतला पृथ्वीचा गोल घरी आणला आणि दोऱ्यानं अंतर मोजलं. दुर्ग ते मुंबई जेवढा दोरा लागला, त्याच्या जवळजवळ तिप्पट भरला. सिंगापूर एक बेट, सिलोन दुसरं, मधे सुमात्रा ओलांडलं की सगळा समुद्र. आमच्या मोठ्या बाईंनी सात-आठ तास लागतील असा अंदाज सांगितला होता, तोच मी ठोकून दिला.

"मुंबईले जायाले आगगाडीले रात अन् दिवस लागते," माय म्हणाली. "अन् हे इतक्या लवकर? मंधात उतराले जागा हाय का?"

"सुरुवातीला आहे, पुढं नाही."

"मंग थकलं तर?"

"विमान का बैल हाय?" बाबा हसले. माय हसली नाही. पोराचे टाके अजून ओले असतील, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

मंगळवार गेला. बुधवारीही काही कळलं नाही. बाबा ड्यूटी सुटली की सायकल वळवून पोस्टात जात आणि आल्यावर न विचारताच "आज नाही" म्हणत. गुरुवारी तर जेवणही त्यांनी अर्ध्यावर सोडलं. मला वर्गात भूगोल शिकवायचा होता, मी मुलांना गणितं घातली.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे घरी असताना तारवाला दारात उभा राहिला. मी तिथंच कागद उघडला. भाऊ पोहोचला होता! सिंगापूरलाच वादळामुळे विमान अडकलं होतं, ते उशिरा सुटलं. आता तो जहाजावर होता.

माय उंबऱ्यातच बसली. "पुन्हा वाच," म्हणाली. मी वाचलं. मग ती त्याच्यावरच उखडली. "आधी कळवाले काय झालं होतं याले? येऊ दे घरी, सांगतो मी त्याले!" बोलता बोलता ती रडायला लागली, आणि पदरानं डोळे पुसून सतरंजीवर आडवी झाली. पाहता पाहता तिला गाढ झोप लागली.

भांडी वाजू नयेत म्हणून बाबांनी स्वतःच हळूच चहा ठेवला. साखर फार पडली होती. आम्ही दोघं ओट्यावर बसून तो चहा प्यायलो, आणि बाबांनी आणखी अर्धा कप मागितला.