चांदणीचा जबाब

ती घटना आठवली की आजही मी एकटाच हसत बसतो आणि घरातली माणसं माझ्याकडे वळून बघतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कोणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हणालं की तोंडी पहिल्यांदा हीच येते. नावं कोणाचीच सांगणार नाही. तो विद्यार्थी पुढे मानाचा माणूस झाला आणि आमच्या जमादारांनाही आता नातवंडं आहेत. नाव सांगेन ते फक्त चांदणीचं, तिची काही हरकत असणार नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो. नेमकं कोणतं ठाणं ते विचारू नका. दारूबंदीचा कायदा आमच्याकडे लागू होऊन थोडीच वर्षं झाली होती. कायदा आला म्हणून मोहाची झाडं कुठे गेली नव्हती. उन्हाळा तोंडावर आला की फुलं गळायला लागत आणि नाल्यांच्या आडोशाला मडकी पुरली जात. त्या मोसमात ठाण्याचं अर्धं काम म्हणजे हातभट्ट्या शोधणं, आणि उरलेलं अर्धं म्हणजे त्या हातभट्ट्यांचं गिऱ्हाईक सांभाळणं.

तो बाजाराचा दिवस होता. सकाळच्या हजेरीला जमादार मिशा पुसत आले आणि खाडकन सलाम ठोकून म्हणाले, "साहेब, नाल्यावर पहाटेच छापा टाकला. भट्टीवाले पळाले. सडवा जागीच नष्ट केला."

सडवा म्हणजे मोहफुलं पाण्यात कुजवून फेसाळलेलं पाणी. पुढे त्याचीच दारू काढतात. तो सापडला की नमुन्याची बाटली लाखेनं सीलबंद करायची, मडकी फोडायची आणि बाकीचा सडवा ओतून द्यायचा, अशी रीत होती. पण "नष्ट केला" हे शब्द जमादार अशा थाटात म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, यांनी किल्लाच सर केला. माणूस प्रामाणिक आणि मेहनती. गर्व एकाच गोष्टीचा, तो म्हणजे नाकाचा. "साहेब, माझं नाक आजवर चुकलं नाही," असं ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचे.

दुपारी आमचा खबऱ्या आला. तो बाजारात बांगड्या विकायचा आणि त्याला जगाची खबर असायची. म्हणाला, "साहेब, नाल्याकून एक कालेजचं पोट्टं झोकांड्या खात येऊन राह्यलं. मघा म्हशीच्या गळ्यात पडून रडत होतं. तिच्यासंगं बोलत होतं. लय पेलं दिसते."

जमादार दोन शिपाई घेऊन निघाले आणि लगेचच पोराला घेऊन आले. तो बाजारातून पुन्हा नाल्याकडे निघालेला असताना त्यांनी त्याला धरला होता. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला, सदरा ओलाचिंब, डोळे लाल, एक पाय ओढत चालणं. खोलीत पाऊल टाकताच मोहाचा असा भपकारा आला की माझ्या टेबलावरच्या माश्यासुद्धा उठल्या.

"आणि हे बघा, साहेब," म्हणत जमादारांनी एक गाठोडं टेबलावर आपटलं. "चिंच! नशा उतरवायला घेऊन चालला होता."

पुरावा चोख होता. एकच अडचण. अशा केसमध्ये डॉक्टरचा दाखला लागतो आणि आमचे सरकारी डॉक्टर कोर्टात साक्ष द्यायला यवतमाळला गेलेले. ते संध्याकाळच्या मोटारीनं येणार होते. तोवर मी पोराचा जबाब घ्यायला बसलो.

वय विचारलं. सतरा. दारूच्या परवान्याचं वय तर लांबच, पोरगा अजून सज्ञानही नव्हता. यवतमाळला कॉलेजात पहिल्या वर्षाला होता, सरकारी शिष्यवृत्तीवर, वसतिगृहात राहून. वार्षिक परीक्षा तोंडावर आली म्हणून अभ्यासाच्या सुट्टीत घरी आला होता.

"दारू प्यालास?"

"हो साहेब, प्यालो."

माझी लेखणी थांबली. दारू प्यायलेली बरीच माणसं मी समोर उभी केली आहेत. एकानंही पहिल्या प्रश्नाला हो म्हटलेलं नाही. कोणी म्हणतो खोकल्याचं औषध घेतलं, कोणी म्हणतो शेजाऱ्यानं अंगावर सांडली. एकानं तर बायकोनं भाजीत टाकली असेल असंही सांगितलं होतं. हा मात्र प्रश्न संपायची वाट बघत नव्हता.

"किती घेतलीस?"

"बरीच."

"कशानं प्यालास?"

"कपानं."

"चव कशी होती?"

पोरगा अडला. थोडा विचार करून म्हणाला, "गोड."

"गोड?" जमादार उसळून म्हणाले. "मोहाची दारू आणि गोड?" आणि मी त्यांच्याकडे बघतोय हे लक्षात येताच ते खिडकीबाहेर बाजार बघू लागले.

मी लेखणी खाली ठेवली. "हे बघ, खटला झाला तर कॉलेजात कळेल. तुझे प्राचार्य कडक आहेत असं ऐकून आहे. शिष्यवृत्ती जाईल, वसतिगृह जाईल, परीक्षेला बसता येणार नाही. हे सगळं ठाऊक आहे ना?"

त्याचे डोळे आधीच लाल होते, आता भरूनही आले. पण म्हणाला एवढंच, "ठाऊक आहे साहेब. तुम्ही लिहून घ्या. मी सही करतो."

सहीसाठी त्यानं हात पुढे केला तेव्हा मला त्याचे तळवे दिसले. दोन्ही तळव्यांवर दोराचे लाल वळ उमटले होते, कातडं सोललं होतं. मग टेबलावरच्या गाठोड्याकडे पुन्हा नजर गेली. अर्ध्या गावाच्या जेवणावळीला पुरेल एवढी चिंच! एका पोराची नशा उतरवायला मूठभर पुष्कळ झाली. मी सही घेतली नाही. चहा मागवला.

चहा घेऊन हॉटेलवाले चाचा स्वतः आले. पोराला बघून त्यांच्या हातातली किटली हेलकावली. "अरे, हा तर आपल्या दूधवाल्या बाईचा लडका! साहेब, हा पोरगा सुपारी भी खात नाही."

चाचांकडून कळलं ते असं. घर बौद्ध झाल्यावर पोराच्या बापानं गावकीची जुनी कामं सोडून दिली. मेलेली जनावरं ओढणार नाही म्हणाला आणि मजुरी करकरून एक जिवंत म्हैस दारात बांधली. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदणी. बाप पुढे वारला. त्यांच्या घरचं दूध घ्यायला गावातली माणसं तयार नव्हती, तेव्हा चाचांनी ते आपल्या हॉटेलात लावलं. "दूध पाह्यलं साहेब, एकदम खरं. बाकी मले काय पाहाचं?" चाचा म्हणाले. "लेकिन आज दुपारचं दूध आलंच नाही."

तेवढ्यात पोराची आई धापा टाकत ठाण्याची पायरी चढली. बाजारात तिच्या कानावर गेलं होतं. माझ्याकडे न बघता ती थेट पोरासमोर उभी राहिली.

"पेला का रे तू?"

पोरगा जमिनीकडे बघत राहिला. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं, वास घेतला आणि माझ्याकडे वळली. "साहेब, वास कपड्याले हाय, तोंडाले नाई. माह्या पोराले काहून धरलं?" मग एकदम काही आठवल्यासारखं करून तिनं पोराला विचारलं, "अन् चांदणी कुठी हाय? तिले चाराले तूच नेलं होतं ना?"

इतका वेळ पुस्तकी मराठीत बोलणारा तो पोरगा दोन्ही हात जोडून म्हणाला, "माय, चांदणीचं नाव नोको घेऊ! पाया पडतो तुह्या!"

मी उठलो. "जमादार, टोपी घाला. चांदणीचा जबाब घ्यायचा आहे."

आम्ही नाल्यावर गेलो. पोरगा लंगडत पुढे, मागे त्याची आई, मी आणि जमादार. चिंचेचं गाठोडं चाचांनी डोक्यावर घेतलं होतं, आणि मागून निम्मा बाजार. वळणापलीकडे पळस लालभडक फुलला होता. त्याच्या बुंध्याला चांदणी बांधलेली. आम्हाला बघून ती उठायला गेली. मागचे पाय उठले, पुढच्यांनी ऐकलं नाही. मग पुढचे उठले तर मागचे बसले. शेवटी तिनं तो नाद सोडला, मान एका बाजूला टाकली आणि असा काही सूर लावला की बाजारातली माणसं पोट धरून खाली बसली.

शेजारीच एक खोलगट जागा होती. भोवती फुटलेली मडकी. तळाशी बोटभर चिखल आणि त्यात म्हशीच्या जिभेचे फटकारे.

"जमादार," मी विचारलं, "सडवा नेमका कुठे नष्ट केला होता?"

जमादार खोलगटाकडे बघत होते. मग म्हशीकडे बघितलं. मग मिशीकडे गेलेला हात त्यांनी खाली घेतला. "इथंच, साहेब."

आता पोराला बोलावंच लागलं. तो झाडाखाली वाचत बसला होता आणि इकडे चांदणीनं मनसोक्त पिऊन घेतलं. तिला ओढून काढताना तो खोलगटात पडला, सडवा डोळ्यांत गेला, वर ती त्याच्या पायावर उभी राहिली. कशीबशी तिला पळसाला बांधून तो चिंच आणायला धावला होता.

"मग हे ठाण्यात का नाही सांगितलंस?"

"साहेब, कायद्यात जनावर जप्त होते ना? वसतिगृहात एकाच्या मामाचं कायद्याचं पुस्तक हाय. मी वाचलं."

"अरे, दारू वाहून नेणारं जनावर जप्त होतं!"

"तेच तर, साहेब," तो कळवळून म्हणाला, "इनं पोटातून वाहून नेलीच ना!"

मी हसलो. गणवेशात असताना इतका हसलेलो मला आठवत नाही. पण तो हसत नव्हता. तो म्हणाला, "परीक्षा पुढल्या साली देता येते, साहेब. चांदणी गेली तर माय पुन्हा लोकाच्या वावरात निंदाले जाईल. बाबानं चांदणी त्यासाठी नव्हती आणली."

त्याची आई हे पहिल्यांदाच ऐकत होती. ती पुढे आली, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याच हातानं त्याला छातीशी धरलं. "बयाडा झाला का रे? म्हैस दुसरी आनता येते. दुसरा तू मी कुठून आनू?" आणि ती रडायला लागली. चाचा खांद्यावरच्या रुमालानं डोळे पुसत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही नाल्याच्या दुसऱ्या काठाकडे बघावं लागलं.

चिंचेचं पाणी पाजण्याचं काम जमादारांनी मागून घेतलं. निम्मं तिच्या पोटात गेलं, निम्मं त्यांच्या गणवेशावर. ऊन उतरल्यावर चांदणी उठली. जमादार पुढून दोर धरून, चार माणसं मागून रेटा देत, अशी ती वरात भर बाजारातून निघाली. पोरगा आईच्या खांद्यावर हात ठेवून मागून चालला होता आणि आता तोही हसत होता. एका भाजीवाल्यानं "जमादारसाहेब, आरोपी जामिनावर का?" असं विचारलं, तेव्हा जमादारांनी फक्त दोर आवळला.

संध्याकाळी डॉक्टर आले. पोराला तपासून त्यानं दारू घेतलेली नाही असा दाखला दिला आणि गंभीर चेहऱ्यानं मला विचारलं, "दुसऱ्या आरोपीलाही तपासायचं का?" मी स्टेशन डायरीत नोंद केली की तपासांती गुन्हा आढळला नाही. चांदणीबद्दल काही लिहिलं नाही. सरकारी कागदाला विनोद पचत नाही.

पोरगा परीक्षेला बसला आणि चांगल्या मार्कांनी पास झाला. निकाल लागला तेव्हा तो आणि त्याची आई दुधाचा गडू घेऊन ठाण्यात आले. "प्या साहेब, तिची कधीच उतरली," ती म्हणाली. मी प्यालो, शिपाई प्याले. जमादारांनी पेला हातात घेतला, सवयीनं नाकाशी नेला आणि मग सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून स्वतःच खो खो हसत सुटले. त्यानंतर नाकाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मात्र सडवा ओतला की तो जमिनीत मुरेपर्यंत तिथे एक शिपाई उभा करायचा, हा नियम त्यांनीच घातला.

त्या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. गुन्हा नाकारणाऱ्यांशी कसं वागायचं हे खात्यानं मला शिकवलं होतं. पटकन कबूल करणाऱ्याशी कसं वागायचं, हे मला त्या पोरानं शिकवलं. पुढे जिथे जिथे बदली झाली तिथे असा कोणी समोर आला, विचारायच्या आधीच हो म्हणाला, सहीसाठी हात पुढे केला, की मी लेखणी खाली ठेवायचो, दोन चहा मागवायचो आणि आधी विचारायचो, "घरी कोण कोण आहे रे तुझ्या?"