हरणाबाईनं ऐकलेली शपथ

हरणाबाईचा उजवा कान लहानपणी गोवरानं नेला आणि डावा दिरानं. गोवराबद्दल ती कधी कुणाला बोलली नाही. देवाघरचा रोग, त्याच्याशी काय भांडायचं? पण दिराचं तिनं पोटात ठेवलं, आणि असं ठेवलं की चार वर्षांत एक दिवस विसरली नाही.

वडूजच्या पूर्वेकडं एक धनगरवाडी आहे, तिथली ही सून. नवरा धुळा, आणि त्याचा धाकटा भाऊ अर्जुना. बेचाळीस साली हरणाबाईच्या हातून एक गाभण मेंढी चरताना मागं राहिली आणि हरवली. तेवढ्यावरून अर्जुनानं थोरल्या भावजयीच्या कानाखाली असा जाळ काढला की कानातून रक्त आलं. धुळा घरी नव्हता. आठ दिवस कानात शिट्टी वाजत राहिली, मग तीही थांबली. माफीचं तर नावच नको! उलट हा बाप्या वाडीभर सांगत सुटला, "वैनीला आदीपास्नंच कमी ऐकू येत हुतं." ते धड खोटंही नव्हतं, म्हणून जास्तच झोंबलं.

आता बहिऱ्या बाईनं मेंढरं कशी राखावी? तेही ऐका. दुपारी टेकायची तेव्हा म्होरक्या मेंढीच्या पायाला लोकरीची दोरी बांधायची आणि दुसरं टोक आपल्या घोट्याला. मेंढी बिचकली की पायाला हिसका बसायचा. कुत्र्याच्या गळ्यावर तळवा ठेवून त्याचं भुंकणं ओळखायची; पाहुण्यावरचं निराळं, लांडग्यावरचं निराळं. स्वतःचा आवाज तेवढा तिच्या ताब्यात नव्हता. एकतर ओरडायची, नाहीतर पुटपुटायची, आणि पाणवठ्यावरच्या बाया फिदीफिदी हसायच्या.

हसताना त्या काय बोलतात ते कळावं म्हणून ती त्यांच्या ओठांकडं बघायला लागली. पहिला ओळखू आला तो 'बहिरी' हा शब्द, कारण तो दिवसातून वीसदा यायचा. त्याच्यामागून बाकीचे आले. दोन वर्षांत अशी गत झाली की समोरच्याचं तोंड दिसलं की बोलणं कळलं. पण तिनं हे कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. सांगितलं असतं तर लोक जपून बोलले असते. आता ते तिच्यापुढं मन मोकळं करून बोलत, आणि बाई मुकाट्यानं एकेक साठवून ठेवत होती.

वाडीत एखादा तंटा मिटेना की बिरोबाच्या देवळात भंडारा उचलायची रीत होती. मुठीत हळद घेऊन देवापुढं शपथ बोलायची. खोटी शपथ घेईल त्याचा कळप रोगानं मरतो, असा सगळ्यांचा ठाम विश्वास. शपथ फक्त देवानं ऐकायची, म्हणून त्या वेळी ढोल आणि झांजा अशा बडवायच्या की कुणाला काही ऐकू जाऊ नये. लोकांनी नुसते हलणारे ओठ बघायचे, आणि भंडारा उचलला की माणूस निर्दोष धरायचा. पंचेचाळीस साली एका गड्यानं चोरलेल्या बकऱ्यापायी असाच भंडारा उचलला आणि म्हणाला, "देवा, बकरा म्याच खाल्ला, पोराबाळांवर राग काडू नगं." सुटला रे सुटला म्हणून सारी वाडी नाचली. हरणाबाईनं मात्र हसू दाबायला पदर तोंडात कोंबला.

त्याच साली दसऱ्याच्या आधी धुळा तापानं गेला. मागं तीस मेंढरं राहिली. पोटाला तीच आणि वाडीत मान ठेवायला तीच. अर्जुनाचा डोळा पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर. "बहिरीच्या हाती कळप म्हंजे लांडग्याला आवतान," असं तो जाईल तिथं बोलायचा. पंचांतला वडीलधारा म्हाकूतात्या म्हणाला, "बगू की येक साल. राखली तर तिची."

माघात दोघांचे कळप कऱ्हाडकडं गेले, तुटल्या उसाच्या रानात लेंडीखतासाठी मेंढरं बसवायला. एका दुपारी हरणाबाईला जाग आली तर दोरी पायाला तशीच, दुसरं टोक मोकळं, आणि सात मेंढरं गायब. अर्जुनानं लगेच लांडगा लांडगा म्हणून बोंब ठोकली. "कुत्रं भुकून मेलं असंल, हिला काय त्याचं!" झोपेतही तिचा तळवा कुत्र्याच्या गळ्यावर होता. ते भुंकलंच नव्हतं, घरच्या माणसावर कशाला भुंकेल? हरणाबाईनं दोरी निरखली. दातानं कुरतडलेली नव्हती, विळ्यानं सरळ कापलेली होती. तिनं ती कनवटीला खोचली.

दोन दिवसांनी ती चुलीपाशी भाकरी थापत होती. पलीकडं अर्जुना बायकोला, रंगुबाईला सांगत होता, "साती मेंढरं तुज्या भावाच्या कळपात घातली. कानावरची जुनी खूण कापून काडली. आता कुनाचा बाप आला तरी वळखायचा न्हाई."

"आवं, हळू बोला की!"

"कुनासाटी हळू? हिच्यासाटी?"

दोघंही पोट धरून हसले. हरणाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि बोटं भाजली तरी चेहरा हलू दिला नाही. माझा कान फोडलास, आता माझ्या मेंढरांचे कापलेस. थांब मेल्या, बघते तुला!

तिथंच बोलली असती तर त्यानं कानावर हात ठेवले असते. तिला ते त्याच्या तोंडून हवं होतं, साऱ्या वाडीसमोर. चैत्रात कळप परत आले आणि तिची मेंढरं अर्जुनाच्या हवाली करायला पंच बसले, तेव्हा ती उभी राहून नको इतक्या मोठ्यानं ओरडली, "तात्या, मेंढरं अर्जुनानं नेली! भंडारा उचलू द्या त्याला. उचलला तर कळप त्याचा, आन मी जलमभर त्याच्या दारातलं श्यान काडीन."

अर्जुनाचा चेहरा क्षणभर उतरला. मग ढोल आठवला असावा. "उचलतो की! भितो का काय?"

देवळात हरणाबाई मुद्दाम देवाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. त्याचं तोंड दिसायला हवं होतं. गडी निगरगट्ट झाला आणि देवापुढंही खोटं बोलला तर? सगळं गेलं! ढोल सुरू झाला, तिला पायाखालच्या फरशीतून कळला. अर्जुनानं मुठीत भंडारा घेतला आणि मान खाली घातली. ओठ दिसेनात. ती वाकून बघायला लागली. तेवढ्यात देवाकडं बघायला त्यानं मान वर केली.

"बिरोबा, मेंढरं म्याच नेली. वैनीचा कान बी म्याच फोडला. तुला दोन बकरी देतो, पर माज्या कळपाकडं बगू नगंस."

हरणाबाई पुढं झाली आणि तिनं ढोलाच्या कातड्यावर सपकन तळवा ठेवला. ढोल थांबला. मग तिनं अर्जुनाचा शब्द न शब्द सगळ्यांना ऐकवला.

"बहिरी काय ऐकतीया? येडी झालीया ही!" अर्जुना किंचाळला, पण मुठीतला भंडारा फरशीवर सांडला होता.

म्हाकूतात्यानं हात वर केला. "वाजवा रं ढोल." त्या गजरात तो मिशीतल्या मिशीत काहीतरी बोलला आणि ढोल थांबवला. हरणाबाई म्हणाली, "तात्या म्हनत्यात, ही खरं बोलत आसंल, तर चार सालात मी हिच्याम्होरं काय काय बोलून बसलोय!"

म्हाकूतात्यानं कबुलीची मान हलवली. जो तो मनातल्या मनात तोच हिशेब करत होता. रंगुबाईनं तोंडावर पदर घेतला, आणि तो बकरा खाल्लेला गडी हळूच देवळाबाहेर सटकला.

अर्जुना गुडघ्यावर बसून मान खाली घालून चोरीची कबुली पुटपुटायला लागला.

"तोंड वर कर," हरणाबाई म्हणाली. "मला ऐकू येत न्हाई. मोट्यानं बोल."

तो बोलला.

"आजून मोट्यानं."

तीनदा बोलायला लावलं तिनं त्याला. तिसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला, बाहेर पायरीवर बसलेल्या पोरांनीसुद्धा ऐकलं. दया आली का तिला? काडीची नाही! उलट इतकं गोड चार वर्षांत काही लागलं नव्हतं.

सात मेंढरं कापल्या कानांनी परत आली आणि कळप तिचाच राहिला. पण त्या दिवसापासून वाडीतली माणसं तिच्यासमोर तोंडावर हात ठेवून बोलायला लागली. पाणवठ्यावर बायांचे पदर ओठांवर. ज्या नजरेवर चार वर्षं काढली ती एका दुपारी खर्ची पडली होती, आणि हरणाबाई आता खरोखरची बहिरी झाली होती.

आठ दिवसांनी अर्जुना एकटाच तिच्या वाड्याशी, मेंढरांच्या कुंपणाशी आला. पटका काढून हातात घेतला आणि समोर मातीत बसला. डोळे भरलेले होते. तोंडावर हात ठेवला नव्हता, मान वर होती. "वैनी," एवढं तिला ओठांवर दिसलं. पुढचं काय असणार ते तिला ठाऊक होतं. चार वर्षं ती त्या माफीचीही वाट बघत होती.

तिनं डोळे गच्च मिटून घेतले. अर्जुना किती वेळ बोलत होता ते तिला कळलं नाही, आणि कळून घ्यायचंही नव्हतं.