भटूनानांचा डावा हात

भटूनाना बोलायचे तेच मुळात थोडकं. "हो." "बघू." "निघतो." दिवाळीच्या तोंडावर लकवा आला आणि तेवढंही गेलं. उजवं अंग गेलं, जीभ गेली. राहिला डावा हात.

तो मात्र दिवसभर चाले. ओसरीवरच्या खाटेच्या कडेवरून खाली उतरे, कडेच्या दांड्याखाली, गाताखाली, चाचपडे, एक बोट वर दाबे आणि पुन्हा छातीवर येई. अंगणातल्या पिकअपची किल्ली कुणी फिरवली की असा काही सुटे की खाट करकरे.

"त्यास्ले राग येस," त्यांची बायको कोकिळाअक्का शेजारणीला सांगत. "गाडीले दुसरानी हात लावा का राग येस."

खरंच होतं ते. चोपड्याहून सावद्याला केळी वाहणारी ती पिकअप नानांनी जुनीच घेतली, पण स्टिअरिंग कधी कुणाच्या हाती दिलं नाही. अक्का तोंडावर म्हणायच्या, "मना पायले काटा लागना ते देखतीन नही, तिना टायरले लागना ते ताटवरथून उठतीन!" नाना मिशीतल्या मिशीत हसायचे आणि काच पुसायला जायचे.

गाताच्या दोरीनं बोटं सोलली, तेव्हा अक्कांनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि तो हात खाटेला बांधला. मऊच बांधला. पण बांधला.

नाना पडले तशी गाडीही पडून. एका मेकॅनिकनं टाकीतला डिझेलचा पंप बदलला, तरी ती सुरू होईना. "म्हातारी झाली, भंगारात द्या," म्हणाला. चालवणारं घरात कुणी नव्हतंच. भंगाराच्या भावात घेणारा सावद्याचा एक जण त्या दुपारी ट्रॅक्टर घेऊन येणार होता, ओढून न्यायला.

म्हणून सकाळीच अक्कांनी स्टँडजवळच्या रतिलालला बोलावून आणलं. गाड्यांच्या वायरिंगचं काम त्याचं.

"अक्का, इकेल शे ना गाडी? मग आते दुरुस्ती कसाले?"

"चालत उन्ही व्हती ना या अंगणमा? चालतच जाऊ दे. दोर बांधीसन वढतांना त्यास्नी देखाले नको."

रतिलालनं आपली बॅटरी जोडली, किल्ली फिरवली आणि टाकीला कान लावला. पंप क्षणभर तरी गुणगुणायला हवा. काहीच नाही. खाटेवर बांधलेला हात धडपडू लागला.

"राहू द्या हो," अक्का तिकडे न बघताच म्हणाल्या.

रतिलालनं पंपाच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला. दिवा लागला नाही.

"पंप मरेलच नव्हता, अक्का. त्याले करंटच मिळत नही."

"मग त्या मेकॅनिकनी जुना काढा तो?"

"तो बी चांगलाच व्हता."

त्यानं फ्यूज बघितला, चांगला. पंपाला करंट सोडणारा रिले हाताखाली टिक वाजला. "आठे, रिलेपर्यंत करंट येस. टाकीपर्यंत जात नही. मधमा कोठेतरी थांबस." तो वायरीमागे निघाला. पायाखालचं मॅट उचललं आणि थबकला. काळ्या टेपचा जोड होता. त्यातून निराळ्याच रंगाची वायर ड्रायव्हरच्या सीटखाली गेली होती.

"हाई कारखानानं काम नही. नानास्नं शे. चोरस्विच! गाडी लावली का बंद करानं. मग कोणी किल्ली चोरी तरी पंपले करंट नही."

अक्का बघतच राहिल्या. "बठ्ठा संसार व्हयना आणि माले सांगं नही?"

"चोरस्विच सांगतस का कोणाले?" रतिलाल हसत सीटवर चढला. उजवा हात स्टिअरिंगवर ठेवून त्यानं डावा सीटच्या कडेवरून खाली सोडला. चाचपडला. एक बोट वर दाबलं.

"थांब," अक्का म्हणाल्या. "परत कर."

"काय?"

"हात. परत कर तसा."

त्यानं केलं. खाली, आत, वर. अक्कांनी वळून खाटेकडे पाहिलं.

त्या धावल्याच. गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा दातांनी ओढली. "सांगत व्हतात... माले सांगत व्हतात ना? आणि मी बांधी ठेवं!"

मागे पंप गुणगुणला. इंजिन खोकलं, काळा धूर सोडून धडधडायला लागलं. नानांचा सुटलेला हात एकदाच खाली गेला, बोट वर दाबलं, आणि तिथेच थांबला.

दुपारी सावद्याचा माणूस आला. सुरू गाडी बघून म्हणाला, "अक्का, तुम्ही ते भंगार सांगेल व्हतं!"

"माले कोठे समजनं, भाऊ," अक्का म्हणाल्या. त्यांनी त्याला सीटखालचा खटका दाखवला. "लावली का बंद कर बरं. इसरू नको."

ट्रॅक्टर बरोबरच्या पोरानं घेतला, दोर त्यातच राहिला. पिकअप आपल्या पायांनी फाटकाबाहेर पडली. नाना ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते.

त्यानंतर हात चालला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढेही नाही. खाट करकरायची थांबली. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता अक्कांचा हात मध्येच थांबे, कान अंगणाकडे लागे.

एका संध्याकाळी त्या खाटेशी बसल्या. नानांचा हात उचलून त्यांनी गाताखाली नेला, आपल्या बोटानं त्यांचं बोट वर दाबलं.

"आयकं का? काय पाहिजे? सांगा ना. आते समजस माले."

अक्कांनी ठेवला होता तिथेच हात राहिला.