सरोजिनीबाईंचे खोटे फोन

सरोजिनी पेंढारकर शनिवार पेठेतल्या एका सहकारी बँकेत कारकून म्हणून लागल्या, तेव्हा फसवणूक म्हणजे खोटी सही. चेकवरची सही नमुन्याशी ताडून पाहायची, शंका आली की माणसाला समोर बोलवायचं. मग संगणक आले. जुन्या मंडळींनी त्यांना हळदकुंकू वाहून लांबूनच नमस्कार केला. सरोजिनीबाई मात्र संध्याकाळी थांबून शिकल्या, परीक्षा दिल्या आणि पन्नाशी ओलांडल्यावर बँकेच्या सुरक्षा विभागाच्या प्रमुख झाल्या. विभाग म्हणजे त्या स्वतः आणि एक टेबल. तोवर चोरांनी सह्या गिरवायचं सोडलं होतं. ते आता फोन करत. सभासदांची मुलं हिंजवडीत नाहीतर अमेरिकेत. घरी उरलेले आईवडील आणि त्यांच्या हातात मुलांनी दिलेला नवा मोबाइल. चोरांना आणखी काय हवं?

कोथरूडच्या द्वारकाबाई अशाच फसल्या. निवृत्त शिक्षिका, बोलण्यात कडक. ‘बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड बंद पडेल’ म्हणणाऱ्याला त्यांनी ओटीपी सांगितला आणि खातं धुऊन निघालं. त्या सरोजिनीबाईंसमोर बसल्या तेव्हा डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता संताप होता.

“जन्मभर मुलांच्या कॉप्या पकडल्या हो मी! पण तो इतका आदराने बोलत होता. खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. तुमच्या बँकेत एवढ्या आदराने कोण बोलतं?”

सरोजिनीबाईंनी तक्रार लिहून घेतली. पैसे परत मिळाले नाहीत.

पुढच्या बैठकीत त्यांनी संचालक मंडळाकडे वेगळी रक्कम मागितली. फसवणूक रोखायचे नवे उपाय करून पाहायला. काही फसतील, एखादा लागू पडेल, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं आणि तिथेच चुकलं.

“फसतील?” अध्यक्ष रावसाहेबांनी चष्मा काढला. “मॅडम, ही बँक आहे, प्रयोगशाळा नव्हे. उपयोग होईल याची खात्री द्या, आत्ता मंजूर करतो.”

“खात्री असती तर प्रयोग कशाला म्हटलं असतं, साहेब?”

“मग पाट्या लावा की. पुण्यात पाटीइतकं स्वस्त आणि परिणामकारक काही नाही.”

“पाटी आपल्या भिंतीवर असते. फोन त्यांच्या घरात येतो.”

तासभर काथ्याकूट झाला. शेवटी वार्षिक सभेच्या नाश्त्याला जेवढा खर्च होतो, त्याहून थोडी कमी रक्कम मंजूर झाली. एवढी काटकसर नाश्त्याच्या वेळी कधी कोणाला सुचली नव्हती, हे सरोजिनीबाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

पहिला प्रयोग साफ फसला. सभासदांना मराठीतून सावधगिरीचे संदेश पाठवले, तर निम्म्या लोकांच्या मोबाइलवर अक्षरांऐवजी नुसते चौकोन उमटले. एक गृहस्थ तो फोन घेऊन आले आणि म्हणाले, “हे वाचायला बँक चष्मा देणार आहे का?” रावसाहेबांनी जिन्यातच गाठलं, “गेले ना पैसे पाण्यात?”

दुसरा प्रयोग त्यांनी ठरवला तो चोरासारखा. सभासदांना आधी कळवायचं, की पुढचे काही महिने बँक सरावासाठी खोटे फोन करणार आहे. ज्यांना नको असतील त्यांनी सांगावं. मग खरोखर फोन करायचा, आणि माणूस आकडे सांगू लागला की पहिल्याच आकड्याला थांबवायचं. श्यामसुंदर नावाचे हौशी नट मानधनावर मिळाले. स्टेशनरीच्या खोलीत बसून ते असा काही गोड आवाज काढत, की खुद्द सरोजिनीबाईंनाही कार्ड काढून द्यावंसं वाटे.

लोक धडाधड फसले. आणि फसलेला पुणेकर आभार मानत नाही.

“लाज नाही वाटत? म्हाताऱ्या माणसांची परीक्षा घेता?”

“आपल्याला पत्र पाठवलं होतं...”

“पत्रं वाचायला आम्ही रिकामे आहोत का?”

एकजण तर छत्री उगारून शाखेत आले. रोज असल्या शिव्या खाऊन सरोजिनीबाईंचं डोकं उठलं. हे सगळं ज्यांच्यासाठी करायचं, तेच अंगावर येतात! वैतागून त्यांनी द्वारकाबाईंना फोन केला.

“मग मला बोलवा ना,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तुम्ही त्यांना शहाणपण शिकवता. कोणाला आवडेल?”

दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत येऊन बसू लागल्या. श्यामसुंदर फसवत आणि मग आपलं खरं नाव सांगून फोन द्वारकाबाईंच्या हातात देत. “मी शिक्षिका होते. मीही फसले, आणि माझे पैसे खरेच गेले,” त्या सांगत. पलीकडचा आवाज उतरे. मग हळूच कोणी म्हणे, “आमच्याकडेही मागे असंच झालं होतं. घरात कोणाला सांगितलं नाही.” द्वारकाबाई ऐकून घेत, घाई करत नसत. इतक्या वर्षांत बँकेला एवढ्या चोऱ्या कळल्या नव्हत्या.

हळूहळू लोक फोन आपटायला शिकले. इतके, की मुदत ठेवीची आठवण करून देणाऱ्या कारकुनालाही बोलणी बसू लागली. आणि एके दिवशी रावसाहेब बैठकीत लालबुंद होऊन आले. संचालकांची निवडणूक जवळ आली होती, म्हणून त्यांनी एका जुन्या सभासदाला फोन केला होता.

“तो मला काय म्हणाला माहीत आहे? ‘श्यामसुंदर, आज अध्यक्षांचा आवाज छान जमलाय, पण खोकला जरा कमी करा.’ आणि फोन ठेवला!”

कोणीतरी हसू दाबलं. सरोजिनीबाई शांतपणे म्हणाल्या, “साहेब, यासाठीच तर पैसे मागितले होते.” त्या वर्षी फोनवरच्या फसवणुकीच्या तक्रारी बोटांवर मोजण्याइतक्या उरल्याचं त्यांनी पुढे मांडलं.

“उत्तम!” रावसाहेब एकदम खुलले. “म्हणजे काम झालं. आता पुढच्या वर्षी वेगळी रक्कम ठेवायचं कारणच नाही.”

गुण आला नाही तरी पैसे नाहीत, गुण आला तरी पैसे नाहीत. “ताप उतरला म्हणून डॉक्टरलाच घालवायचं का?” सरोजिनीबाईंचा आवाज चढला. “चोर निवृत्त झालेले नाहीत. ते रोज काहीतरी नवं करून पाहतात, आणि त्यांना कोणाची मंजुरी लागत नाही!”

त्यांना बँकेत असं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. रावसाहेब पाणी प्यायले, मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तेवढीच रक्कम पुन्हा मंजूर केली. एक रुपया जास्त नाही.

सरोजिनीबाई खाली आल्या. द्वारकाबाई फोनजवळ बसल्या होत्या.

“मिळाले?”

“मिळाले. भांडून.”

“बरं झालं. आत्ताच विश्रांतवाडीच्या एका बाईंचा फोन होता. चोर आता ओटीपी मागतच नाहीत म्हणे. मोबाइलवर कसलंसं ॲप उतरवून घ्यायला सांगतात, आणि मग सगळं त्यांना तिकडूनच दिसतं.”

सरोजिनीबाईंनी कपाळाला हात लावला. “म्हणजे आपला सगळा सराव जुना झाला?”

“झाला.”

“अहो, शाई तरी वाळू द्यायची मंजुरीची!” असं म्हणत त्यांनी खुर्ची ओढली आणि आतल्या खोलीकडे पाहून श्यामसुंदरांना हाक मारली.